कुरणवाडी तलावातला सदस्य क्रमांक चार

पाणी हा मुळातच बेशिस्त पदार्थ आहे. त्याला स्वतःचा आकार नाही, रंग नाही, कामावर यायची ठरलेली वेळ नाही आणि उताराकडे धावण्यापलीकडे कुठलंही धोरण नाही. आजवर बुडून मेलेल्यांची पाहणी केली तर त्यातले शंभर टक्के लोक त्या वेळी पाण्यात होते असं आढळतं. (कोरड्या जागी बुडाल्याचं एकही उदाहरण नाही.) तेव्हा माणूस आणि पाणी यांची गाठ घालून द्यायचीच असेल, तर मध्ये एक जबाबदार इसम, एक वही आणि एक शिट्टी असणं भाग आहे.

कुरणवाडी जलविहार समितीला हे फार लवकर उमगलं. सोलापूरपासून एस.टी.नं पाऊण तासावर असलेला हा तलाव काही तलाव म्हणून जन्माला आला नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात पंचक्रोशीतल्या माणसांना काम द्यायचं म्हणून एक खड्डा खणायला घेतला. खड्डा कशासाठी, हे विचारायला तेव्हा कुणाला फुरसत नव्हती. पुढं दोन पावसाळे बरे गेले आणि कुणाचीही परवानगी न घेता खड्ड्यात पाणी साठलं. खड्ड्यात पाणी साठलं की त्याला तलाव म्हणतात, आणि तलाव म्हटला की समिती आलीच. समितीनं पहिल्या बैठकीत स्वतःचे आभार मानले, दुसऱ्या बैठकीत सीना नदीची चाळीस गाड्या वाळू आणून एका काठावर पसरायचं ठरवलं आणि तिसऱ्या बैठकीत फलक मंजूर केला : 'देखरेखीखालील स्नानतट. फक्त कुटुंबांसाठी.'

कुटुंब म्हणजे काय, यावर आणखी दोन बैठका झाल्या. शेवटी सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर जे रंगवलेलं असतं ते प्रमाण मानावं असं ठरलं. त्या चित्रात आई, बाप, मुलगा आणि मुलगी असे चौघं असतात आणि चौघंही हसत असतात. हसण्याची अट पुढं शिथिल झाली. चारचा आकडा मात्र कायम राहिला आणि अर्जावर नावांसाठी चारच ओळी छापल्या गेल्या. नऊ जणांचं कुटुंब आलं तर त्याची दोन कुटुंबं करून आत सोडत आणि उरलेला नववा बाहेर बाभळीखाली डबे राखत बसे. (हा नववा बहुतेक वेळा आजोबा असे.)

नियम एकंदर सत्तावीस होते. सगळेच वाचण्यासारखे होते, पण जागेअभावी काहीच देतो. नियम चार : पाण्यात शिरण्यापूर्वी हातपाय स्वच्छ धुवावेत. नियम नऊ : पुरुषांनी कमरेपर्यंत आणि महिला व मुलांनी गुडघ्यापर्यंत भिजावे. (गुडघा ज्याचा त्याचा धरावा.) नियम अकरा : पोहण्यास सक्त मनाई आहे. नियम बारा : लाटा उठवू नयेत. आणि सगळ्यांत महत्त्वाचा, नियम एकोणीस : जेवढे सदस्य आत गेले तेवढेच बाहेर आल्याखेरीज कुटुंबास सोडू नये, आकडा न जुळल्यास सर्वांस पाण्याबाहेर काढावे, शोध सुरू करावा व सूर्यास्तापर्यंत चालू ठेवावा.

या व्यवस्थेचं फळ पहिल्याच वर्षी दिसलं. आत गेलेले सदस्य चार हजार एकशे बारा. बाहेर आलेले चार हजार एकशे बारा. बुडालेले शून्य. नियमापेक्षा वर भिजलेले तीन. (तिघांनाही ताकीद देऊन सोडलं.)

समितीकडे तीन जागा मंजूर होत्या : निरीक्षक, पोहणारा आणि शिपाई. शिपायाची जागा काटकसरीत गेली. पोहणाऱ्याच्या जागेला सात अर्ज आले. सातही जण उत्तम पोहत होते, पण एकही मॅट्रिक नव्हता, आणि मॅट्रिक न झालेल्या माणसाच्या हाती लोकांचे जीव देणं समितीच्या मनाला पटेना. निरीक्षकाच्या जागेवर ईश्वर नावाचा माणूस होता. तो मॅट्रिक होता आणि त्याला शिट्टी वाजवता येत होती. पाण्याची त्याला मनापासून भीती वाटे, आणि निरीक्षकाला लागणारी सावधगिरी त्याच्या अंगी आपोआप आली होती ती याच कारणानं.

अशा या ठिकाणी कुटुंब घेऊन जायचं भवानी पेठेतल्या सिद्रामनं शहाहत्तर सालच्या मार्चात ठरवलं.

सिद्राम एका कापड गिरणीत हजेरी कारकून होता. सोळा वर्षं त्यानं हजेरीची वही सांभाळली होती आणि त्या वहीइतका विश्वास त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरही नव्हता. एकदा रावजी नावाचा जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, पगाराच्या दिवशी खिडकीवर आला आणि म्हणाला, की बारा तारखेला मी कामावर असताना माझा खाडा कसा काय लागला. सिद्रामनं वही फिरवून त्याच्यापुढं धरली. बारा तारखेच्या चौकोनात स्वच्छ 'गै' होता. रावजीनं बराच वेळ त्या अक्षराकडं पाहिलं आणि मग, चूक झाली, म्हणून तो निघून गेला. सिद्राम काही दुष्ट माणूस नव्हता. लिहिलेलं खरं असतं, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि ते म्हणणं ज्या देशात चालत नाही असा देश अजून सापडलेला नाही.

त्याच्या बायकोचं नाव मीनाबाई. ती केम गावची. बापाच्या मळ्यातल्या विहिरीत ती सातव्या वर्षी पोहायला शिकली आणि लग्न होईपर्यंत उन्हाळ्यातल्या दुपारी ती त्या विहिरीतच असे. मग ती भवानी पेठेत आली. भवानी पेठेत नळाला पाणी अर्धा तास येई आणि ते कुठला अर्धा तास येईल हे नळच ठरवी. अंघोळीला माणशी एक बादली. सणाला दीड. अकरा वर्षं तिनं त्या बादलीबद्दल चकार शब्द काढला नाही. आपल्याला पाटल्या कराव्यात, नवं लुगडं आणावं, माहेरी पाठवावं असं काही तिनं मागितलं नाही. फक्त मार्चमधल्या एका संध्याकाळी, नळ चौथ्या दिवशीही आला नाही तेव्हा, रिकाम्या घागरीवर हात ठेवून ती म्हणाली, "एकदा अंगभर पाण्यात जायचंय मला. मरायच्या आधी एकदा."

सिद्रामला ते लागलं. त्यानं तिथल्या तिथं शब्द दिला, की तुला पाण्यात नेतो. आणि दिलेला शब्द पाळायचा तर तो रीतसर पाळला पाहिजे, म्हणून दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून त्यानं समितीच्या खिडकीवरून अर्ज आणला.

अर्जात त्यानं तीन नावं लिहिली : स्वतःचं, मीनाबाईचं आणि नऊ वर्षांच्या गंगूचं. अर्ज परत आला. शेरा होता, 'कुटुंब अपूर्ण.' त्यानं आईला, म्हणजे विठाबाईंना, बरोबर येण्याविषयी विनवलं. विठाबाईंनी विचारलं, की आपण सगळेच पाण्याला गेलो तर घरी पाणी आल्यावर भरायचं कुणी. सिद्रामनं पुन्हा तीनच नावं लिहून सोबत विनंतीपत्र जोडलं. अर्ज पुन्हा परत आला. या वेळी 'कुटुंब अपूर्ण'च्या खाली रेघ होती.

तिसऱ्या खेपेला वाट दाखवली ती विठाबाईंनीच, आणि तीही न मागता. अर्जाचं त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा आक्षेप निराळा होता. तिघांनी मिळून घराबाहेर पडू नये, त्यातून पाण्याच्या जागी तर मुळीच नाही, आणि जायचंच असेल तर चौथी म्हणून सुपारी बरोबर घ्यावी, असं त्यांनी बजावलं. ही रीत आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी सुपारी घेतो, कुणी खडा घेतो, पण तिघं निघाले की चौथं काहीतरी खिशात असतंच. त्या रात्री जेवताना सिद्रामचा घास हातातच राहिला. सकाळी त्यानं चौथ्या ओळीत सुवाच्य अक्षरांत 'सुपारी (सोबत)' असं लिहिलं आणि नात्याच्या रकान्यात 'घरची' असं भरलं. अर्ज सहा दिवसांत मंजूर होऊन आला. समितीला ओळी भरलेल्या हव्या होत्या. त्या ओळींत काय भरलंय हे वाचायचा नियम सत्तावीसांत कुठं नव्हता.

मग तयारी सुरू झाली. या घरात अशी तयारी लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. सिद्रामनं सत्तावीस नियम मोठ्या अक्षरांत उतरवून देव्हाऱ्याशेजारी लावले. रोज संध्याकाळी अंगणात खडूनं काठ आखला जाई. अलीकडं वाळू, पलीकडं पाणी. सिद्राम तोंडानं शिट्टी घाली, मग मीनाबाई आणि गंगू हातपाय धुतल्यासारखं करत, लुगडं-परकर गुडघ्यापर्यंत उचलून रेघेपलीकडं जात आणि दुसऱ्या शिट्टीला परत येत. पहिल्या दिवशी परत यायला बावीस सेकंद लागले. आठवड्याच्या शेवटी हा आकडा नऊवर आला. शेजारच्या बसव्वा रोज उंबऱ्यावर बसून हे बघत आणि चौथ्या दिवशी त्यांनी मीनाबाईला हळूच विचारलं, की मालकांची तब्येत बरी आहे ना.

मीनाबाई सगळं सांगितल्याप्रमाणं करी. एकदाच, खडूच्या पाण्यात उभी असताना, ती म्हणाली, "अवो, गुडघ्याएवढ्या पाण्यात पाय भिजत्यात. माणूस भिजत न्हाय."

सिद्रामनं तिला नियम नऊ दाखवला. तिनं तो वाचला आणि लुगडं पुन्हा गुडघ्यापर्यंत उचललं. पण आपण दिलेला शब्द आणि नियम नऊ यांच्यात कुठंतरी फट राहतेय, हे सिद्रामला त्या क्षणी जाणवलं आणि झोपेपर्यंत टोचत राहिलं.

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी ते निघाले. बरोबर कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदे, दोन पंचे आणि पिण्याच्या पाण्याची कळशी होती. (तलावाचं पाणी पिण्यास नियम सातनं बंदी होती.) विठाबाईंनी सुपारीला हळदकुंकू लावलं आणि ती सिद्रामच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात घातली. मग त्या घागरी मांडून नळापुढं बसल्या.

फाटकावर ईश्वर वही घेऊन उभा होता. त्यानं आधी अर्ज वाचला आणि मग माणसं पाहिली.

"अण्णा, चवथा सदस्य कुटं हाय?"

सिद्रामनं खिशातून सुपारी काढून तळहातावर धरली. ईश्वरनं ती उलटसुलट करून बघितली आणि ही तर सुपारी आहे, असं मत दिलं.

"बायको म्हायेरी गेली आन् घरात पूजा निघाली, तर काय करता तुमी?" सिद्रामनं विचारलं.

"कमरेला सुपारी लावून बसतो की."

"देवाला चालती न्हवं?"

ईश्वरनं सुपारी परत केली. तो सरळ माणूस होता आणि सरळ माणसाला सरळ युक्तिवाद अडवता येत नाही. जी गोष्ट देवाला बायको म्हणून चालते ती समितीला सदस्य म्हणून चालणार नाही असं म्हणायचं, तर समिती देवाच्या वरची ठरते, आणि एवढा अधिकार निरीक्षकाला नव्हता. त्यानं वहीत 'आत : चार' असं लिहिलं. वयाच्या रकान्यात तो जरा अडखळला आणि मग त्यानं 'लहान' असं घातलं.

समितीनं ठरवून दिलेली वेळ चाळीस मिनिटांची होती. सिद्रामनं सदरा काढला, घडी घालून मीनाबाईकडं दिला आणि कमरेएवढं भिजून आला. गंगूनं एकदा पाणी उडवलं, तेव्हा काठावरच्या मचाणावर जाऊन बसलेल्या ईश्वरची शिट्टी आली आणि तिला नियम बारा समजावून सांगण्यात आला. मीनाबाई हद्दीसाठी पाण्यात बांधलेल्या दोराजवळ गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. एका हातात नवऱ्याचा सदरा, दुसऱ्या हातात लुगड्याचा ओचा. तिच्यापुढं दोर होता आणि दोराच्या पलीकडं, पार समोरच्या टेकाडापर्यंत, निळंशार पाणी पसरलेलं होतं. त्या पाण्यात एकही माणूस नव्हता. ती पस्तीस मिनिटं तिकडं बघत राहिली.

सिद्राम तिच्याजवळ गेला. "झालं ना मनासारखं?" त्यानं विचारलं.

"व्हय," ती म्हणाली.

सोळा वर्षं हजेरी घेतलेल्या माणसाला हजर कोण आणि गैरहजर कोण हे आवाजावरून कळतं. त्या 'व्हय'मध्ये मीनाबाई हजर नव्हती. सिद्रामला फार वाईट वाटलं. आपण सगळं रीतसर केलं, तीन अर्ज केले, तालमी घेतल्या, एकाही नियमाला धक्का लावला नाही, आणि तरी या बाईला फसवलं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं ते लगेच झटकलं, कारण चाळीस मिनिटं होत आली होती.

फाटकाशी ईश्वरनं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सिद्रामनं सदरा अंगात घातला आणि वरच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. त्यानं दुसरा खिसा बघितला, पंचे झटकले, भाकरीचं फडकं सोडलं. मग तो आला त्या वाटेनं वाळूत बोटं घालत पाण्यापर्यंत गेला आणि तसाच परत आला.

ईश्वरनं तीन लांब शिट्ट्या घातल्या. त्या दिवशी तटावर आणखी अकरा कुटुंबं होती. ती सगळी, म्हणजे चव्वेचाळीस माणसं, पाण्याबाहेर येऊन वाळूवर उभी राहिली. कुणाचं कोण गेलं, अशी विचारपूस सुरू झाली. एका म्हातारीनं सिद्रामला, बाळ केवढं होतं, असं विचारलं. सिद्रामला खोटं बोलायची सवय नसल्यानं, कालच पेठेतून आणली होती, असं त्यानं सांगितलं. म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला.

खरा प्रकार कळल्यावर एक टोपीवाला गृहस्थ पुढं झाला आणि म्हणाला, की सुपारीच आहे तर बाहेर पानपट्टीवर दहा पैशाला दुसरी मिळेल, ती आणून आकडा जुळवा आणि आम्हाला पाण्यात जाऊ द्या.

"उद्या तुमचं पोरगं हरवलं तर दुसऱ्याचं आणून जुळवायचं का?" ईश्वरनं विचारलं.

सिद्रामनंही मान डोलावली. गिरणीत याला खोटी हजेरी म्हणत आणि एकाच्या जागी दुसरा उभा केल्याबद्दल त्यानं स्वतः पाच जणांना घरी बसवलं होतं. आत जे घेतलं तेच बाहेर दाखवता आलं पाहिजे. यावर दोघांचं एवढं एकमत होतं, की वाद असा झालाच नाही.

राहिला प्रश्न शोधाचा. नियम एकोणीसप्रमाणं तो सुरू व्हायलाच हवा होता आणि पोहणाऱ्याची जागा रिकामी होती. इथं कुणाला पोहता येतं का, असं ईश्वरनं मोठ्यानं विचारलं. बावीस पुरुषांनी आपापल्या पायांकडं पाहिलं. त्यांच्यातल्या सहा-सात जणांना तरी पोहता येत असणार, पण जिथं पोहायला सक्त मनाई आहे तिथं पोहता येतं अशी कबुली चारचौघांत द्यायची म्हणजे शहाहत्तरच्या आणीबाणीतला माणूस दहा वेळा विचार करणार.

"मला येतंय," मीनाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. ईश्वरनं वहीचं मागचं पान उघडलं आणि पदाच्या अटी वाचल्या. "वैनी, किती शिकलायसा?"

"चवथी."

"मॅट्रिक पायजे."

मीनाबाईनं नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि बघितलं नाही हेच सिद्रामला जास्त लागलं. अकरा वर्षांत तिनं एकच गोष्ट मागितली होती आणि ती आता चार हातांवर होती. मध्ये एक दोर होता, एक अट होती आणि आपला नवरा या दोहोंच्या पलीकडं कधीच जाणार नाही अशी तिची खात्री होती. सिद्राम एक पाऊल पुढं झाला.

"अडचणीच्या टायमाला अट शिथिल करता येती," तो म्हणाला. "आमच्या गिरणीत करत्यात की. नेहमी करत्यात."

गिरणीत असं एकदाही झालेलं नव्हतं. हजेरी कारकून सिद्राम जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला आणि तेही एका निरीक्षकाच्या तोंडावर, चव्वेचाळीस साक्षीदारांसमोर. ईश्वरनं त्याला तसं लिहून द्यायला सांगितलं. सिद्रामनं लिहून दिलं आणि खाली सही केली. सही नेहमीपेक्षा ठळक आली.

मीनाबाईनं पदर खोचला, काष्टा आवळला आणि दोर ओलांडला. पाणी गुडघ्यावर आलं, मांड्यांवर आलं, कमरेवर आलं. नियम नऊ केव्हाच मागं पडला. मग तिनं एकदा मागं वळून पाहिलं, हात पुढं टाकले आणि ती गेली.

पहिल्यांदा चार-दोन हात जडच पडले. अकरा वर्षं ते हात घागरी उचलण्यापलीकडं कशाला लागले नव्हते. पण मग अंगाला आपलं आपण आठवलं. ती सरळ रेषेत समोरच्या टेकाडाकडं निघाली, तळ्याच्या मध्यावर पोचली, तिथं उताणी झाली आणि नुसती पडून राहिली. मग बुडी मारून खाली गेली. काठावरच्या बायकांनी श्वास धरला. कितीतरी वेळानं ती भलतीकडंच वर आली, तोंडातलं पाणी उडवलं आणि हसली. काठापर्यंत ते हसू ऐकू आलं. ईश्वरनं वहीत लिहिलं, 'शोध कसून चालू.'

गंगू बापाच्या हाताला लोंबकळत होती. "दादा, आपलीच आई हाय न्हवं ती?" तिनं विचारलं.

"व्हय," सिद्राम म्हणाला. त्याला अभिमान वाटत होता आणि लाजही वाटत होती, आणि दोन्ही एकदमच वाटत असल्यानं त्यानं खाली वाळूकडं बघणं पसंत केलं. ही बाई अकरा वर्षं आपल्या घरात होती आणि आपण रोज तिची हजेरी लावत होतो. लावलेली एकही हजेरी खरी नव्हती असं त्याला वाटलं.

सूर्यास्तापर्यंत शोध चालला. अकरा कुटुंबांपैकी एकही घरी गेलं नाही. डबे सुटले, भाकरी वाटल्या गेल्या. पुढं पुढं तर बायका काठावरून शोधाची दिशाही सुचवू लागल्या, की तिकडं त्या बाभळीखाली बघा, अजून खोल बघा, घाई करू नका. दिवस टेकाडामागं गेला तशी मीनाबाई बाहेर आली. ओठ निळे पडले होते, बोटांची टोकं सुरकुतली होती आणि चेहरा सोळा वर्षांच्या पोरीचा झाला होता.

"घावली का?" ईश्वरनं विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली. "लई खोल हाय. फुडल्या रविवारी परत बघावं लागंल."

ईश्वरनं तशी नोंद केली. शोध अपुरा असताना शोध घेणाऱ्याला पुढच्या खेपेला अर्जाविना आत घ्यावं लागतं, हे ओघानंच आलं.

समितीच्या त्या वर्षीच्या अहवालात याची पुढची हकीकत आहे. दिवाळीपर्यंत बेपत्ता झालेले सदस्य सव्वीस. पैकी भवानी पेठेतले बावीस. सगळेच कुटुंबात चौथे आणि सगळ्यांचंच वय लहान. सापडलेले शून्य. शोधकार्यात भाग घेतलेल्या महिला सव्वीस. शोधकार्यात पुरुषांचा सहभाग : कपडे सांभाळणे. पाच-सहा जणांची कुटुंबंही हल्ली माणसं घरी ठेवून तिघंच का येतात हे कळत नाही, असा एक शेरा आहे. शेवटी, एवढे सदस्य गमावूनही भगिनीवर्गानं धीर सोडलेला नाही आणि तो दर रविवारी नव्या उत्साहानं शोधाला येतो, याबद्दल समितीनं समाधान व्यक्त केलं आहे.

पण त्या पहिल्या रविवारी संध्याकाळी, परतीच्या एस.टी.त, गंगू आईच्या ओल्या मांडीवर झोपून गेली होती. मीनाबाईनं कनवटीला हात घातला, काहीतरी काढलं आणि सिद्रामच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ मिटवली. सिद्रामनं मूठ जराशी उघडून पाहिलं. हळदकुंकू धुऊन गेलं होतं.

"नीट ठिवा," ती म्हणाली. "हिला काय झालं न्हाय पायजे."

सिद्रामनं मूठ खिशात घातली आणि या बाबतीत तो आयुष्यभर कुणाशी काही बोलला नाही.

हे वाचून वाचकांचा जीव भांड्यात पडला असेल. चार गेले होते, चार घरी आले, आकडा जुळला, कुणीही हरवलं नाही. आता एवढंच करावं : अकरा वर्षांनी एक बाई पोहली तेव्हाच आपला जीव भांड्यात पडला होता, की सुपारी सापडेपर्यंत आपणही ईश्वरसारखे काठावर वही घेऊन उभे होतो, ते ज्यानं त्यानं आपल्यापुरतं खरं लिहावं. खाली सही करायची गरज नाही.